औषध म्हणवून घेणारी बरणी

मी आगळाची बरणी. वरंधच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत राहते. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही, आणि जे आहे ते सांगताना लाज वाटते.

दर उन्हाळ्यात घरधनी गोमाजी पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून मीठ लावून माझ्यात भरतो. त्यांना लालभडक आंबट रस सुटतो, तोच आगळ. पित्त झालं की सारी वाडी वाटी घेऊन दारात येते. त्याचा मला ताठा होता.

यंदा गोमाजीच्या बायकोला, तुळसाला, कॅन्सर निघाला. महाडला केमो सुरू झाली. छातीत जळजळ, आंबट ढेकर. गोमाजीनं मला फळीवरून खाली काढलं.

“घे गो, घरचा हाय. बरं वाटंल.”

ती डोळे मिटून पेला रिकामा करी आणि भिंतीकडे वळून छाती चोळत पडे. मला ते दिसत होतं. आजारच तसा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी ती अडून बसली. “मी नाय जायाची. त्या सुईनं आत निखारं पडतात.”

बिरवाडीहून आलेल्या लेकीनं, अक्षदानं, विचारलं, “आये, डॉक्टरांना सांगितलंस?”

“ढेकरांचं काय सांगायचं मोठ्या माणसाला? लाज नाय वाटत?”

अक्षदानं दवाखान्यात फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. सिस्टरनी खाण्यापिण्याचं विचारलं. गोमाजी अभिमानानं पुढे झाला, “दोन टायम आगळ देतो मी!”

“आजोबा, सध्या आंबट बंद. थोडं थोडं खाऊ द्या, जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. खाटेची उशाकडची बाजू उंच करा. आणि उद्या याच, डॉक्टर गोळी लिहून देतील.”

गोमाजी खाली बसला. “जळत होतं तर बोलली का नायस?”

“सुईनं जळायचं, आगळानं आनखी भडकायचं. पन तुमी येवढ्या हौसेनं देत व्हता. नको म्हटलं असतं, तर जेवला असता काय? रुसायला तर पुढं!”

गोमाजी उठला. बाहेर जाऊन दोन चिरे आणले, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सारले. सकाळी तुळसा चपला घालून त्याच्याआधी दारात उभी होती.

मी आता माळ्यावर आहे, अंधारात. इथंच बरं. तुमच्या घरी असं कुणी आजारी असेल, तर माझ्यासारखीला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. मग त्या माणसाला विचारा, जळतं का? ‘नाय’ म्हणालं, तरी जवळ बसून पुन्हा एकदा विचारा.