तीन हात कमी

माथेरानच्या कड्याखालच्या वाडीत शुक्रा वळायचा तशी शिडी दुसऱ्या कुणालाच वळता येत नसे. घायपाताच्या वाखाचा दोर, बांबूच्या पायऱ्या. वरून सोडली, की मध काढणारा माणूस घरचा ओटा उतरावा तसा कडा उतरायचा. शुक्रा माप कधी घेत नसे. कड्याकडं एकदा बघायचा आणि वळायला बसायचा.

चैत्रात त्याच्या मुलानं, दत्तानं विचारलं, "बाबा, या खेपेला दोर सोडून माप घेऊ का? पोळं लई खाली हाय."

शुक्रा हसला. "माझ्या डोळ्याला माप लागतं व्हय रं?"

दत्ता उतरला. शेवटच्या पायरीवरूनही पोळं हाताला येईना, म्हणून त्यानं पाय खडकावर टेकला. वर बसलेल्या शुक्राच्या हातात शिडी एकदम हलकी झाली.

वाडीनं शिडी तपासली. एकही पीळ सुटला नव्हता. "तुझं काम चोख हाय," माणसं शुक्राची समजूत घालत म्हणाली. "पोरालाच हाव सुटली." शुक्रा मान खाली घालून ऐकत राहिला.

पावसाळा सरल्यावर तो एकटाच कड्यावर गेला. दोराला दगड बांधून पोळ्याच्या जागेपर्यंत माप घेतलं आणि घरी येऊन तो दोर अंगणात शिडीशेजारी पसरला. शिडी तीन हात कमी भरली.

सून भाग्यश्री नाचणी पाखडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, आपलं हसूसुद्धा.

तिचं सूप थांबलं. "मला ठाव हाय. निघताना बोलला होता तो."

"मग गप का राहिलीस गं?"

"तुमी बोलाल म्हणून. पण मला सांगून काय उपयोग, बाबा? वाडी त्याला हावरट म्हणते. तिथं सांगा."

रविवारी समाजमंदिरापुढं माणसं बसली होती. शुक्रा उभा राहिला. "दत्ता हावरट नव्हता. माझी शिडी तीन हात कमी होती. तो माप घेऊ म्हणला, मी घेऊ दिलं नाय."

म्हातारा नागू उठला आणि त्यानं भाग्यश्रीपुढं हात जोडले. "चुकलो आमी, पोरी."

बोललो की छाती हलकी होईल, असं शुक्राला वाटलं होतं. तसं झालं नाही. पण घरी परतताना, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यानं सुनेला विचारलं, "निघताना अजून काय म्हणला होता गं?"

"म्हणला, आल्यावर बोंबील भाज."