गोड पाणी

पुंजारामच्या अंगाला बारा महिने टीसीएलचा वास यायचा. गावच्या टाकीत रोज सकाळी ती जंतू मारायची पावडर टाकायचं काम त्याच्याकडे, आणि सतरा वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. बादलीत पावडर कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि मग गावाला पाणी सोडायचं. "तुमच्यासंगं संसार केला का दवाखान्यासंगं, तेच कळंना," मालनबाई नवऱ्याला म्हणायची आणि स्वतःच हसायची.

गाव कोपरगाव तालुक्यातलं, तोंडाने तिखट. पाण्याला जरा वास आला की नळावर बाया पुंजारामचा उद्धार करायच्या. तो ऐकून घ्यायचा, कारण गावाला ठाऊक नसलेलं त्याला ठाऊक होतं. वेशीजवळ गटारीच्या कडेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह होता, तो गळायचा. पाणी बंद झालं की खड्ड्यातली घाण आत ओढायचा. ग्रामपंचायतीला त्याने तीनदा सांगून पाहिलं, व्हॉल्व्ह काही बदलला नाही. गाव धडधाकट होतं ते त्या वासामुळेच.

यंदा हरिनाम सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी आचारी चहाचं पातेलं घेऊन मंडपाबाहेर आला. चहाला औषधाचा वास, आमटीलाही तोच. बाहेरगावचे टाळकरी तोंड वाकडं करायला लागले. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब पुंजारामवर उखडले.

"पुंजा, काला होईस्तोवर पावडर बंद. पाव्हण्यात गावाची शोभा करतो का?"

"काकासाहेब, एवढी गर्दी हाय. त्यात तो व्हॉल्व्ह..."

"देवाचं काम हाय हे. देवाला काळजी."

पुंजारामने ऐकलं. खरं सांगायचं तर नुसत्या भीतीने नाही. सतरा वर्षं शिव्या खाल्ल्या, एकदा तरी आपलं पाणी लोकांना आवडावं, असं त्यालाही वाटून गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने पावडरीच्या पोत्याचं तोंड बांधून ठेवलं.

आणि पाणी आवडलं! मालनबाई पंगतीत पाणी वाढायची. घरी येऊन कौतुकाने सांगायची, "लई गोड लागतंय म्हनत्यात समदी. मी पन तांब्याच्या तांब्या पिले." त्या दिवशी पुंजारामला दोन घास जास्त गेले.

चौथ्या दिवशी वीणेकऱ्याला उलट्या झाल्या. उन्हाने झालं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पाचव्या दिवशी सकाळी अकरा जण आडवे झाले, संध्याकाळपर्यंत चाळीस. सहाव्या दिवशी उजाडायला मालनबाई परसातून भिंत धरत आली आणि दारातच बसली. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. शेजारणीला तिच्यापाशी बसवून पुंजाराम तसाच टाकीवर धावला आणि दुप्पट पावडर कालवून ओतली. गावाच्या पोटात गेलेलं पाणी आता कुठल्या कॉकने बंद करणार होता?

शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून लोकांना निजवलं होतं. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या होत्या. मालनबाईचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. सिस्टरने चार ठिकाणी सुई टोचून पाहिली, शीर सापडेना. तालुक्याला नेणाऱ्या दोन्ही गाड्या आधीचे पेशंट घेऊन गेलेल्या, परत कधी येतील ते कुणी सांगेना.

"थेंब थेंब पाजत ऱ्हावा बाबा," सिस्टर म्हणाली. "गाडी येईस्तोवर तेवढंच आपल्या हातात."

दुपारी आरोग्यसेवक अमृत पाणी तपासायला आला. शाळेच्या नळाचं पाणी त्याने काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं.

"पावडर चांगली हाय की, मामा," अमृत म्हणाला. "तुमच्या कामात कधी खोट न्हाई."

"आजची हाय ती," पुंजाराम ओरडला. "चार दिस टाकलीच न्हवती. माझ्यामुळं झालं समदं. लिवा तसं."

अमृतचं पेन थांबलं. मागे उभे असलेले काकासाहेब पुढे झाले. त्यांनी पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"बायको आजारी हाय ना. काय बोलतोय त्याचं त्याला कळंना. पाव्हण्यांनीच आनलं हे, बाहेरून."

"कालचं पानी ठेवलंय का कुनी?" अमृतने विचारलं.

कुणीच ठेवलं नव्हतं. सकाळीच सिस्टरने घरोघरी हंडे, माठ ओतायला लावले होते. अमृतने नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि वहीत नळीत दिसलं तेच लिहिलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा पुंजाराम आपली चूक ओरडून सांगत होता आणि वहीत त्याची शाबासकी चढत होती. त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

तो मालनबाईपाशी येऊन बसला. नळाच्या पाण्यात ओआरएसची पुडी ढवळली, तिची मान उचलून ग्लास ओठांना लावला. तिने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं.

"वास येतोय," ती पुटपुटली.

"घे गं. एवढं घे."

"नगं हे. ते सप्त्यातलं द्या की वाईच... गोड हुतं ते."

पुंजारामने ग्लास पुन्हा तिच्या ओठांपाशी नेला. तिने दात घट्ट आवळून घेतले होते.