पंपाखालचं बारीक भोक

मला चार चाकं आहेत, पण मला मोटार म्हणालात तर मी रागावेन. मला हँडल आहे, पण मोटारसायकल म्हणालात तरीही रागावेन. मित्रांनो, मी क्वाड बाईक आहे, आणि तीही शर्यतीची. आता वय झालं, सीटला दोन ठिकाणी ठिगळं आहेत, तरी माझा तोरा काही गेलेला नाही.

स्वभाव म्हणाल तर तापट. सुरू झाले की थोड्याच वेळात हात लावू देत नाही. म्हणूनच माझ्या पोटात सारखं हिरवं पाणी फिरवावं लागतं. त्याला कूलंट म्हणतात. पंप त्याला ढकलतो, इंजिनाभोवती फिरून ते तापतं, रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि पुन्हा कामाला लागतं. ही फेरी थांबली की माझा खेळ संपला.

माझा पंप एका मोठ्या कारखान्यात एका बाईने बसवला. हाताने चपळ आणि तोंडाने फटकळ. पंपाच्या खालच्या अंगाला तिळाएवढं एक भोक असतं. ते चुकून राहिलेलं नसतं, मुद्दाम पाडलेलं असतं. पंपाच्या आतलं, पाणी अडवणारं सील झिजलं की त्या भोकातून थेंब बाहेर येतो आणि आत बिघाड झाल्याचं मालकाला कळतं. ती बाई प्रत्येक भोकात बारीक तार घालून बघायची आणि शेजारच्या नवख्या मुलीला बजावायची, "हे मोकळंच हवं. गाडीला बोलता कुठे येतं? एवढंच तोंड आहे तिला."

तिथून मी आले ती वस्तादांच्या गॅरेजमध्ये. शहर संपतं तिथे पत्र्याचं छप्पर, समोर तेलाने काळी झालेली फरशी, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगात काढलेली. पाना वापरून झाला की आपापल्या आकृतीवर टांगायचा, नाहीतर वस्तादांच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्यांनी मला स्वतःसाठी घेतलं नव्हतं. लेकीसाठी घेतलं होतं. ती तेव्हा विशीत होती आणि घरात एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं.

पण वस्तादांनी तिला लगेच माझ्यावर बसू दिलं नाही. आधी महिनाभर माझ्या खाली झोपवलं. त्यांची एक रीत होती, तिला ते 'हात फिरवणं' म्हणायचे. शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघं माझ्याजवळ उकिडवी बसायची. वस्ताद एकेक जागा पुकारायचे आणि लेक त्या जागी बोट फिरवून उत्तर द्यायची.

"झाकण?"

"कोरडं."

"वरचा पाइप?"

"कोरडा."

"क्लिपा?"

"घट्ट."

शेवटी पंपाखालचं भोक. तिथे बोट लागलं की मला गुदगुल्या व्हायच्या. हे सगळं नीट झालं तरच दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजबाहेर निघायची.

आणि मग काय सांगू. चिखल, वाळू, दगड, उंचवटे, काहीच आम्हाला अडवायचं नाही. मैदानावरच्या लोकांनी लेकीचं नाव ठिणगी ठेवलं. कपाटावर चषकांची रांग लागली. मुलं माझ्यावर बसून फोटो काढायची आणि मी भाव खायचे. वस्ताद तोंडावर कधी शाबासकी द्यायचे नाहीत. फक्त घरी आल्यावर मला स्वतः धुवायचे, रेडिएटरच्या जाळीतला चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचे. त्यातच मला सगळं मिळायचं.

पुढे ठिणगीचं लग्न झालं, ती शहर बसची ड्रायव्हर झाली, तिला मुलगी झाली. मी ताडपत्रीखाली गेले. उंदरांनी सीट कुरतडली. कुणाला दोष द्यायचा नाही, पण फार वाईट वाटायचं हो. बाहेर दुसऱ्या गाड्यांचा आवाज आला की माझा जीव नुसता तळमळायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी ठिणगीच ताडपत्री ओढून उभी राहिली. चाळिशी उलटलेल्यांसाठी शर्यत ठेवली होती.

"बाबा, हिला काढायची का?"

"काढायची म्हणजे काय? तयारच आहे ती," वस्ताद म्हणाले. माझ्या तर चारही चाकांतली हवा गेली होती.

वस्ताद कामाला लागले आणि माझ्या आनंदात पहिल्याच दिवशी मिठाचा खडा पडला. ते नट शोधताना तोंड इतकं जवळ आणायचे की त्यांचं नाक माझ्या टाकीला लागायचं. भिंतीवरचा पाना ते बघून काढत नव्हते, चाचपून काढत होते. कूलंट ओतताना धार नरसाळ्याबाहेर जायची आणि माझ्या मडगार्डवरून ओघळायची. त्यांना नीट दिसत नव्हतं, मित्रांनो. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांना एकच भीती होती. लेकीला कळलं की ती हातातला पाना काढून घेईल, गॅरेज बंद करायला लावेल, आणि मग दिवसभर खुर्चीत बसून करायचं काय?

त्यातच माझ्या पंपाचं सील दगा देऊन बसलं. इतकी वर्षं उभी राहिल्यावर ते कडक झालं होतं. भोकातून थेंब पडायला लागला. मला वाटलं, बरं झालं, आता कळेल.

वस्तादांचा तळवा फरशीवर ओला झाला. त्यांनी बोटांनी माग काढला. पाइप कोरडे, क्लिपा घट्ट, रेडिएटर कोरडा. पंपाखाली ओल लागली. एरवी त्यांनी ते भोक झोपेतही ओळखलं असतं. पण त्यावर जुना चिखल वाळून बसला होता, आणि हाताला लागला तो नुसता एक खडबडीत चरा. त्यांना वाटलं, भेग पडली. त्यांनी धातूला लावायचा लेप घेतला आणि अंगठ्याने दाबून तिथे बसवला.

थेंब थांबला. वस्तादांच्या जिवात जीव आला. खरी आफत मात्र आता सुरू झाली, कारण बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी आतल्या वाटेने इंजिनच्या तेलात उतरायला लागलं.

आता पुढची गंमत ऐका. रडू येईल अशी गंमत आहे. सकाळी वस्ताद काडी घालून पाणी बघायचे. कमी झालेलं असायचं. आपलीच दुरुस्ती कच्ची राहिली, लेकीला कशाला सांगा, म्हणून ते गुपचूप भरायचे आणि डबा टायरांच्या मागे लपवायचे. दुपारी पाळी संपवून ठिणगी यायची, सराव करायची आणि मी गार झाले की पाणी बघायची. पुन्हा कमी. बाबांचं काम कच्चं राहिलंय, बोलले तर त्यांना लागेल, म्हणून तीही गुपचूप भरायची आणि बाटली पिशवीत लपवायची. दोघांची अळीमिळी गुपचिळी. दोघांनाही वाटत होतं, थोडंसंच तर जातंय. प्रत्येकाला अर्धीच गळती दिसत होती, आणि पूर्ण दिसत होती ती फक्त मला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चढावर माझं अवसान संपलं. ताकद गेली, झाकणाजवळून वाफ फुसफुसली. ठिणगीने लगेच इंजिन बंद केलं. तापलेलं झाकण उघडायचं नाही हा वस्तादांचा पहिला धडा, तो ती विसरली नव्हती. मला टेम्पोत घालून तिने गॅरेजवर आणलं आणि गार होईपर्यंत थांबली.

मग तिने तेल सोडलं. काळं तेल यायला हवं होतं, आलं दुधाच्या कॉफीसारखं. तिचा चेहरा उतरला. तिने रेडिएटरच्या तोंडाला हवेचा हातपंप लावला आणि दाब भरला. हातपंपावरचा काटा हळूहळू खाली यायला लागला, म्हणजे कुठेतरी गळती होतीच. तिने सगळीकडे बघितलं, फरशीवर एक थेंब नाही. मग ती बॅटरी घेऊन माझ्याखाली सरपटली.

पंपाखाली राखाडी लेप होता. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. तिने तो ओळखला. मला वाटलं, आता बाहेर येऊन आवाज चढवणार.

ती बाहेर आली, हात पुसले आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, जरा इकडे या. हात फिरवायचा राहिलाय आपला."

वस्ताद येऊन उकिडवे बसले. यावेळी पुकारत होती ती.

"झाकण?"

"कोरडं."

"वरचा पाइप?"

"कोरडा."

"पंपाखालचं भोक?"

वस्तादांचं बोट लेपावर जाऊन थांबलं. त्यांनी तो एकदा चाचपला, पुन्हा चाचपला. हे भोक बुजवलं म्हणून त्यांनी आयुष्यभर किती जणांना फैलावर घेतलं होतं.

"हे मी केलंय?"

"हो."

"मला भेग वाटली गं."

"दिसत नाही का तुम्हाला?"

वस्ताद फरशीवरच बसले. "डावा डोळा गेल्या वर्षाच्या आधीपासून. दोन वर्षं झाली असतील. उजवाही त्याच्यामागोमाग."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गॅरेजला कुलूप लावलं असतंस."

ठिणगीने पिशवीतून कूलंटची बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मग माझंही ऐका. मी रोज ही ओतत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

वस्तादांनी बाटली हलवून बघितली. मग टायरांकडे बोट केलं. "माझा डबा तिकडे आहे." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. ठिणगीही हसत होती आणि तीही रडत होती. मला दोघांचाही फार राग आला होता आणि दोघांवर फार प्रेमही वाटत होतं.

शर्यत अर्थातच बुडाली. पंप उतरवला तो मात्र वस्तादांनीच. लेकीने बॅटरी धरली, ती सांगायची, "थोडं डावीकडे," आणि त्यांची बोटं बरोबर बोल्टावर जायची. "बघायचं काम तुझं, खोलायचं माझं," ते म्हणाले. गॅरेजला कुलूप लावायचा विषय तिने काढलासुद्धा नाही. सोमवारी सुट्टी टाकून ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू निघाला. इतके दिवस काय करत होता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणे वस्ताद म्हणाले, "पाणी भरत होतो."

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतलं पाणी कमी दिसलं तर गुपचूप भरू नका. घरातल्यांना हाक मारा आणि सगळे मिळून गळती शोधा. दुसऱ्याला लागेल म्हणून गप्प बसणं चांगलं वाटतं खरं, पण त्यात माझं तेल नासलं आणि वस्तादांचं त्याहून जास्त नुकसान झालं. ते कसं, तेवढं सांगते आणि थांबते.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर वस्ताद गॅरेजमध्ये आले. काळा चष्मा काढला आणि थेट माझ्याखाली वाकले. भोक मोकळं होतं, कोरडं होतं. समाधानाने ते उठले, मागे वळले, आणि पाना पुसत उभ्या असलेल्या लेकीकडे बघतच राहिले.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झालं की एक दीड वर्ष, बाबा."

वस्तादांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा होणार आहे, सील नवं मिळालं, डोळेही मिळाले. लेकीचा एकेक केस पांढरा होत होता ते दिवस मात्र वस्तादांना कुठूनच परत आणता येणार नाहीत.