हाडाने सोडलेला स्क्रू

मित्रांनो, ‘मी एक जुना स्क्रू आहे’ असं सांगायची माझी फार हौस होती. पण जुना कसला होतोय! धड रुजायच्या आतच उपटला गेलो. आता गोंडलच्या दातांच्या डॉक्टर हेतलबेनच्या टेबलावर एका वाटीत पडलोय.

मी टायटॅनियमचा. हाडाला धरता यावं म्हणून अंग मुद्दाम खरखरीत ठेवलेलं. माझा मालक मेराणभाई गढवी, डायऱ्याच्या, म्हणजे लोकगीतांच्या मैफलींत दुहे गाऊन पोट भरणारा. वरचा पुढचा दात काढावाच लागणार होता आणि तो गेला की त्याचे शब्द फुसफुसणार होते. पोटावरच पाय आला! जिवलग मित्र रणमलभाईच्या मुलाच्या लग्नात तरी गाता यावं, म्हणून हेतलबेनने दात काढताच त्या खाचेत मला बसवलं; हाडाने मला धरलं की माझ्यावर नवा दात चढणार होता.

खाच माझ्यापेक्षा रुंद होती, फक्त टोकाशी जुन्या हाडाने मला धरलं होतं. भोवती रक्त साकळलं, मग त्यात कोवळं हाड भरू लागलं. किती हळू, किती मायेने! आयुष्यात मला तेवढंच सुख मिळालं. पण मध्ये एक नाजूक काळ येतो. जुन्या हाडाची पकड सैल होते आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. हेतलबेनने बजावलं होतं, "मावा बंद! तंबाखूने रक्त नीट पोचत नाही, हाड उपाशी मरतं."

नेमका तेव्हाच त्या मुलाचा साखरपुडा निघाला. आमच्या काठियावाडात यजमान आपल्या हाताने भरवतो, नाही म्हटलं तर त्याचं नाक कापलं जातं. रणमलभाईने सुपारी-तंबाखूचा मावा चोळून मेराणभाईच्या ओठांशी धरला.

"डॉक्टरबेनने नको म्हटलंय, बापा."

"डॉक्टरबेन मोठी की मी? घे, तुला माझी शपथ!"

"अरे, पण हाड..."

"हाड काय पळून जातंय? खा गुमान!"

मेराणभाईने तोंड उघडलं. मला अजून त्याचा राग येतो. मग काय, रोजचंच झालं. कोवळं हाड विरलं, पू धरला, मी डुगडुगू लागलो. शेवटी हेतलबेनने मला नुसत्या बोटांनी काढलं. "इथे आता नवा स्क्रू धरेल इतकं हाडच उरलं नाही," ती म्हणाली.

परवा मेराणभाई आला होता, ओठांवर रुमाल धरून. लग्नात राजकोटचा दुसराच गवई गायला म्हणे. रणमलभाई मेराणभाईला म्हणाला होता, "तुझे शब्द फुसफुसतात रे. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

मित्रांनो, कोणाचं हाड भरत असेल तेव्हा त्याला शपथा घालू नका. आणि कोणी घातलीच, तर खुशाल मोडा. शपथ मोडल्याने हाड मरत नाही.