बाहेरच्या चौकटीला काय दिसतं

...आणि ते एस्केपचं बटण परत डावीकडे कललेलं. बोटानं दाबलं की सरळ, सोडलं की पुन्हा मान टाकतं. बारा वर्षांचा हा कीबोर्ड, तीन नोकऱ्यांमधून पाठीवरच्या पिशवीत घालून आणलेला — आणि आत्ता, साडेतीन वाजता, त्या बटणाशी चाळा करता करता त्याला मधूनच हसू फुटत होतं. गप बस रे, कुणीतरी बघेल. चार वाजेपर्यंत दम धर.

चारला काचेच्या केबिनमध्ये ठरणार होतं — इस्पितळाच्या नव्या वेबसाइटचं काम कुणाच्या हाती. उमेदवार दोघं. तो, ज्याला सगळं ऑफिस काका म्हणतं, आणि ती पलीकडच्या टेबलावरची, जिला तो मनातल्या मनात चष्मा म्हणतो.

दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी उभ्या उभ्या सांगायचं, या आठवड्यात नवीन काय कळलं. गेले चार सोमवार त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, खोकून वेळ मारून नेली होती. पण आज अंगात आलं आणि त्यानं तिथल्या तिथे एक टूल जन्माला घातलं. टिंबो. हल्ली तोंडानं कुठलाही आवाज काढा, त्या नावाचं टूल निघतंच. आणि हे टूल काय करतं, तर फॉर्मच्या आतल्या रकान्यात चूक झाली की बाहेरची चौकट आपणहून लाल होते, कोडची एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही... आता हे म्हणजे नळाचं पाणी उलटं टाकीत चढवण्यासारखं. वेबसाइटच्या पानाची सजावट वरून खाली चालते; बाहेरची चौकट आतल्याला रंग देईल, आतला बाहेरच्याला कधीच नाही. त्याचा पहिला वस्ताद टेबलावर थाप मारून सांगायचा — बाप बोलणार, पोरगं ऐकणार, उलटं होत नाही. वीस वर्षं या एका वाक्यावर मी पोट भरलं. धंद्यातल्या कुणीही तिथेच हसायला हवं होतं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "इंटरेस्टिंग." आणि चष्मा, कॉफी ढवळत, अगदी सहज — "हो, वापरलंय मी. चांगलं चालतं."

सापडली. वापरलंय म्हणे. नसलेलं वापरलं बाईनं... चारला केबिनमध्ये तो फक्त एवढंच विचारणार होता, हे टिंबो तुला मिळालं कुठे गं? आवाज अगदी साधा ठेवून. पुढचं साहेब आपले आपण समजून घेतील.

पण तेवढा वेळ दम निघेना. मांजर उंदराला आधी जरा खेळवतं, तसा तो कप घेऊन तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"काय गं, ते टिंबो. कसं वापरलंस ते तरी दाखव."

"त्या नावाचं काही मिळालं नाही, काका. पण काम तेच ना?" तिनं एक फॉर्म उघडला. फोन नंबरच्या रकान्यात दोनच आकडे टाकले, आणि बाहेरची चौकट — आख्खी — लाल झाली. "टूल कशाला लागतंय? ब्राउझरला आता येतं हे. ही बघा, एवढी एकच ओळ."

त्यानं ओळ वाचली. परत वाचली. चौकटीला विचारलं होतं, तुझ्या पोटात चुकलेलं काही आहे का. असेल तर लाल हो. बाप पोराकडे वाकून बघत होता...

"हे कधी आलं?"

"झाली की दोन-तीन वर्षं." मग चष्म्यावरून बघत, "तुम्हीच तर सकाळी सांगितलंत."

कळलंय का हिला? चेहऱ्यावर काही नाही. आणि मी, अशक्यातलं अशक्य म्हणून जी थाप मारली, ती दोन वर्षं जुनी बातमी — स्वतःच खणलेल्या खड्ड्यात इस्त्रीच्या शर्टासकट. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, क्षणभर. पण तिच्या पाठोपाठ भलतंच काहीतरी वर येत होतं, गुदगुल्यांसारखं. पहिल्यांदा एका ओळीनं आख्खं पान निळं केलं होतं आणि खुर्चीवर उभा राहून त्यानं वस्तादाला हाक मारली होती, तसलं.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. वाक्य तोंडाला नवं होतं. तसं वाईट नव्हतं चवीला.

"मग सकाळी...?"

"सकाळी थाप मारली. परत दाखव."

ती हसली की नुसता श्वास सोडला, कळलं नाही. नंबर पुरा केला, चौकट निवळली. एक आकडा खोडला, पुन्हा लाल. केबिनच्या काचेवर साहेबांनी टकटक केली.

"चला काका, बोलावतायत."

"तू हो पुढे. आलोच."

आत जाऊन काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं. तिच्या खुर्चीत टेकून त्यानं आणखी एक आकडा खोडला — आणि मला न विचारता आणखी काय काय होऊन बसलंय या दोन वर्षांत...