दोन गळ्यांचा सिंथेसायझर

मला कपाटावरून खाली काढले तेव्हा माझी मोजदाद झाली. सदतीस पट्ट्या, त्यांपैकी दोन दाबल्या की दाबलेल्याच राहणाऱ्या. एकोणीस नॉब. चार पाय, त्यांतल्या एकाचेच रबर शिल्लक. एक वायर, तिला मध्येच काळी चिकटपट्टी. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळे पडलेले एक कार्ड. पोटात दोन चमचे धूळ, केसांची एक पिन आणि मेलेले एक झुरळ. हे सगळे वहीत लिहिणारी मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती. झुरळापुढेसुद्धा तिने नीट "१" असा आकडा घातला.

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. म्हणजे विजेवर गाणारे पट्ट्यांचे वाद्य. मला तारा नाहीत, कातडे नाही, फुंकायला भोक नाही. माझ्या पोटात दोन गळे आहेत. खरे तर ती विजेची दोन मंडले आहेत. पट्टी दाबली की दोन्ही एकच सूर गाऊ लागतात. दोघांचा सूर तंतोतंत जुळला तर आवाज सरळसोट निघतो. एक गळा किंचित वरखाली झाला की दोघांच्या मधून लाट उठते. आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. मग तो एका गाळणीतून जातो. टोचणारा भाग तिथे अडतो आणि मऊ भाग बाहेर येतो. लोक माझ्या आवाजाला ऊबदार म्हणत, ते या गाळणीमुळे, असे मला कित्येक वर्षे वाटत होते.

माझा जन्म वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात झाला. मालकाला संगीताचे वेड होते. त्याने हौसेने असे सात सिंथेसायझर बनवून घेतले, त्यांतला मी पाचवा. मला जोडणारा फिटर दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. पण प्रत्येक सांधा सोल्डर केला की तो त्यावर हळूच फुंकर घालायचा, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी. मी तयार झालो तेव्हा त्याने ते कार्ड स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवले : "सुरू केल्यावर चाळीस मिनिटे तापू द्यावे. मगच सूर जुळवून वाजवावे." थंड असताना माझे गळे फार चंचल असतात, हे त्याला ठाऊक होते.

मग मी एका रेडिओ केंद्रात गेलो. तिथे रोज सकाळी सातला मुलांचा कार्यक्रम लागे आणि त्याची सुरुवातीची धून माझ्यावर वाजे. केंद्रात टेप नेहमीच तुटपुंजी, म्हणून धून रोज थेट वाजवावी लागे. वाजवणारी होती आत्या. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती, पण आता सगळे घर तिला आत्याच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. सोळा वर्षे तिने ती धून वाजवली. मुलांची पत्रे येत. एका मुलाने लिहिले होते, "तुमची धून लागली की दप्तरातला डबा अजून गरम आहे असं वाटतं." ते पत्र आत्याने माझ्या शेजारच्या भिंतीवर टाचून ठेवले होते. मित्रांनो, त्या दिवसांत मी किती ऐटीत होतो म्हणून सांगू!

पुढे तीनशे आवाजांचे नवे वाद्य आले, मग कॉम्प्युटर आला. कार्यक्रम बंद पडला आणि मी भंगारात निघालो. आत्याने मला उचलून घरी आणले आणि कपाटावर ठेवले. माझ्यावर आधी एक चादर आली, मग एक सुटकेस, मग सुटकेसवर दुसरी सुटकेस. अठरा वर्षे मी गप्प होतो.

मला खाली काढणारी मुलगी म्हणजे आत्याची भाची. नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली. ती जेवणापूर्वी आणि जेवणानंतर ताटाचेसुद्धा वजन करून बघते, म्हणून आत्या तिला मोजपट्टी म्हणते.

तिने मला पूर्ण उघडले, तेव्हा आत्या खुर्चीवरून बघत होती.

"तुझा बाप असाच लहानपणी घड्याळं उघडायचा," आत्या म्हणाली. "परत जोडायला मात्र मी."

"मी जोडणार आहे."

"तोही हेच म्हणायचा."

पण मोजपट्टीने खरेच परत जोडले. फुगलेले नऊ भाग बदलले, पट्ट्यांखालचे रबर बदलले, धूळ ब्रशने काढली. वीज आत आली आणि माझे सगळे अंग शहारले. मी जिवंत होतो!

हे सगळे कशासाठी, ते ऐका. मुलांचा कार्यक्रम पुन्हा सुरू होणार होता. त्याचा नवा निर्माता आत्याला भेटायला घरी आला. भला माणूस, पण घाईतला.

"बाई, धून तुमचीच ठेवतोय," तो म्हणाला. "आवाजाची काळजी करू नका. आमच्या कॉम्प्युटरमध्ये अगदी हाच आवाज आहे. 'जुना ऊबदार क्रमांक चार' असं नावच आहे त्याचं."

"एक, दोन आणि तीनचं काय झालं?" आत्याने विचारले.

तो हसला. आत्याजवळ निरोपाच्या वेळी मिळालेली एक कॅसेट होती. तीत तीच धून पाच वेगवेगळ्या दिवशी वाजवलेली होती. पण खरखर फार, आणि प्रत्येक वेळी अकराव्या सेकंदाला निवेदिका बोलायला लागायची. ती लावता येणार नव्हती. "गुरुवारी दुपारी तीनपर्यंत मूळ वाद्यावरचा आवाज मिळाला, तर तोच घेतो," असे सांगून तो गेला.

दार लागल्यावर आत्या म्हणाली, "नीट ऐक, मोजपट्टी. साधारण तसाच आवाज मला नकोय. जुना कुठला आणि आजचा कुठला हे मला ओळखू आलं, तर आपण काहीच पाठवायचं नाही. त्याचा क्रमांक चार लागू दे."

"मग तुझी परीक्षा घेऊ," मोजपट्टीचे डोळे चमकले. "निवेदिका बोलायच्या आधीचे पाच जुने तुकडे, तेवढेच पाच नवे. चिठ्ठ्या टाकून क्रम लावीन. नवेही याच कॅसेटच्या कोऱ्या भागावर भरीन, नाहीतर तू खरखरीवरून ओळखशील. दहाच्या दहा ओळखलेस तर मी नापास. नुसत्या अंदाजाने सांगितलंस तर पाचेक बरोबर येतील. पाच आले की आपण जिंकलो."

"दहापैकी पाच मिळाले म्हणून आनंद मानणारी पहिली मुलगी आमच्याच घरात जन्माला आली," आत्या म्हणाली.

"आणि वाजवणार मी. वाजवणाऱ्याने परीक्षा द्यायची नसते."

सोमवारी मोजपट्टीने कार्ड वाचले आणि मला चाळीस मिनिटे तापवले, घड्याळ लावून. मग मीटर जोडून माझे दोन्ही गळे जुळवले. दोन्हींकडे २२०.० हर्ट्झ. आयुष्यात मी इतका सुरात कधीच नव्हतो. तिने धून पाच वेळा वाजवली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. जुनं. नवं. नवं. जुनं. एकदाही अडखळली नाही.

"दहापैकी दहा," मोजपट्टी म्हणाली. "कसं ओळखलंस?"

"हा फार शहाणा झालाय गं. शाळा तपासायला अधिकारी आल्यावर मुलं बसतात तसा बसलाय."

मंगळवारी तिने जुन्या कॅसेटमधल्या लाटा मोजल्या आणि तेवढा फरक पडेल असा माझा दुसरा गळा किंचित चढवला. लाटा उठल्या, पण सगळ्या एका मापाच्या. आत्याने दहापैकी नऊ ओळखले. "आता हा मुद्दाम चुकतोय," ती म्हणाली. "नाटकी वाटतं."

मित्रांनो, मला उत्तर माहीत होते! ते माझ्या अंगावर लिहिलेले होते. माझ्या अठरा नॉबच्या कडांना खाचा आहेत. सातव्या नॉबच्या खाचा मात्र पार झिजून गेल्या आहेत. पण मी पट्टी दाबल्याशिवाय बोलू शकत नाही, आणि पट्टी दाबल्यावरही मला फक्त सूरच बोलता येतो.

बुधवारी मोजपट्टीने पाचही तुकड्यांतल्या लाटांचा आलेख काढला. लाटा आधी दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट. पाचही दिवशी वेगळ्या. तिने कॅसेटची पट्टी ताणली गेली आहे का ते तपासले. नव्हती. ती कागदाकडे बघत बसली.

"काहीतरी सतत हलतंय," ती म्हणाली. "पण चाळीस मिनिटं तापल्यावर हा हलत नाही. मी मोजलंय."

"कसली चाळीस मिनिटं?"

"कार्डावर लिहिलंय की. आधी चाळीस मिनिटं तापवायचं."

"कार्ड कुणी वाचलंय?" आत्या म्हणाली. "किल्लीवालाच यायचा सातला दहा कमी असताना. कुलूप उघड, दिवे लाव, याची वायर लाव, की निवेदिका बोट वर करायची. कधीकधी तर मी चपलासुद्धा काढलेल्या नसायच्या."

मोजपट्टीची पेन्सिल खाली पडली. ती तिने उचलली नाही.

"म्हणजे सोळा वर्षं तू हा थंडच वाजवलास?"

"मग काय त्याला शेकायला शेकोटी करू?"

"पण थंड असताना हा एक मिनिटसुद्धा सुरात राहत नाही! तू काय करायचीस?"

"मी कुठे काय करायची? वाजवायची."

मोजपट्टीने माझी वायर काढली, पंखा लावला आणि माझ्यावर हात ठेवून मी थंड होण्याची वाट बघितली. एक तास. मग तिने आत्याला माझ्यापुढे बसवले आणि वायर लावली. आत्याचा उजवा हात पट्ट्यांवर आला, धून सुरू झाली आणि माझा दुसरा गळा नेहमीसारखा भटकायला निघाला. त्याच क्षणी आत्याचा डावा हात आपणहून उचलला गेला आणि सातव्या नॉबवर गेला. गळा चढला, बोटांनी त्याला खाली आणले. जरा जास्तच आणले, म्हणून पुन्हा वर. मी पळत होतो आणि ती मला परत आणत होती, प्रत्येक वेळी पाव सेकंद उशिरा. तीच माझी लाट, मित्रांनो! ती माझी एकट्याची कधीच नव्हती.

मोजपट्टीने माझ्यावर वाकून सातवा नॉब बघितला. मग बाकीचे अठरा एकेक करून चाचपले.

"आत्या, तुझा डावा हात."

आत्याने हाताकडे बघितले. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

"अगंबाई," ती म्हणाली. "हा काय करतोय इथे?"

गुरुवारी सकाळी आठला पहिली धून भरली. एक वायर कॅसेटकडे परीक्षेसाठी, एक कॉम्प्युटरकडे प्रसारणासाठी. मग मला बंद करून तासभर पंख्यापुढे ठेवले. नऊला दुसरी, दहाला तिसरी. दर वेळी माझे भाग थंडगार, दर वेळी ती धावपळ, आणि दर वेळी तो डावा हात. अकराला चौथी, बाराला पाचवी. मला दम लागतो असे नाही, पण लागला असता.

"आता अडचण आहे," मोजपट्टी चिठ्ठ्या कापता कापता म्हणाली. "वाजवलंस तू आणि ऐकणारही तूच. हे नियमात बसत नाही."

"मग दुसरी आत्या शोध. तीनपर्यंत मिळते का बघ."

निकाल सांगण्याआधी माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरात एखादे जुने वाद्य किंवा यंत्र पडून असेल, तर ते जरूर पुसा, उघडा, दुरुस्त करा. पण ते ज्यांच्या हातांनी झिजले ती माणसे जवळपास असतील, तर आधी त्यांना त्यापुढे बसवा आणि हात बघा. तोंडी विचारू नका, कारण त्यांनाही ते ठाऊक नसते.

साडेबाराला परीक्षा सुरू झाली. आत्या खिडकीकडे तोंड करून बसली. मोजपट्टी तिच्या पाठीशी उभी राहिली, चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून. पहिल्या तुकड्याला आत्या "जुनं" म्हणाली. दुसऱ्याला थांबली. तिसरा पुन्हा लावायला सांगितला, तेव्हा मोजपट्टी म्हणाली की तसे चालणार नाही. सहाव्याला आत्याने हनुवटीवर हात ठेवला. आठव्याला म्हणाली, "जुनं. नाही, नवं. लिही काहीही." दहावा संपला आणि मोजपट्टीने चिठ्ठ्या उलगडून वहीतल्या उत्तरांशेजारी एकेक लावली. सगळ्या लावून झाल्यावर तिने बरोबर आलेली उत्तरे पुन्हा एकदा मोजली आणि आकडा लिहिला.

दहापैकी पाच.