लव्हिनियाची खुर्ची

अठ्ठावीस वर्षं मी विंटन हॉल या कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलींना जेवू घालते आहे, आणि अठ्ठावीस हॅलोवीनला लव्हिनियाच्या भुताची गोष्ट मीच सांगितली. मोठ्या जिन्याच्या वळणावर उंच पाठीची खुर्ची ठेवतात. मुली चेटकिणींच्या टोप्या घालून पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसतात. खऱ्या मेणबत्त्यांना बंदी आली तेव्हापासून बॅटरीच्या घेतात. संध्याकाळचं जेवण लागायच्या आत आमचं भूत येऊन जातं. शाळा मी सातवीत सोडली, पण त्या खुर्चीवर मी बसले की उद्या डॉक्टर होणाऱ्या पोरी श्वास रोखून ऐकत.

यंदा ती खुर्ची त्यांनी ट्वायला प्रुएटला दिली.

ही ट्वायला मार्चमध्ये केंटकीहून आली, कोशिंबिरीच्या टेबलावर कामाला. एक काकडी चिरायला हिला अर्धा तास लागतो, कारण समोर येणाऱ्या प्रत्येक पोरीला ही विचारणार, "झोप लागली का गं सोन्या?" पोरी तिच्यापाशी रेंगाळतात आणि इकडे माझ्या ग्रेव्हीवर साय धरते. माझी ग्रेव्ही जिल्ह्यात प्रसिद्ध आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

बातमी आणली ती माझ्याच नातीनं, मार्लिसनं. आमच्या घरातली ही पहिली मुलगी, जी हॉलच्या मागल्या दारानं न येता पुढल्या दारानं आली आणि वर खोलीत राहते.

"आजी, चिडू नकोस हं. मुलींनी मतं घेतली."

"आणि तू कुणाला दिलंस?"

ती बुटाची नाडी बांधायला वाकली. त्या बुटांना नाड्या नव्हत्या.

घरी तीन लेकी, दोन जावई आणि एक नवरा माझ्या शब्दाबाहेर नाहीत, आणि ही अठरा वर्षांची पोर मला बुटाआड तोंड लपवून उत्तर देते. मी भोपळ्याच्या पायसाठी पीठ लाटत राहिले. ते इतकं लाटलं की पलीकडचं दिसायला लागलं.

त्या गोष्टीचा एक नियम आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ती जास्त खरी ठाऊक असेल, तर त्यानं जिन्याच्या कठड्यावर दोनदा हात आपटायचा आणि म्हणायचं, "तसं नव्हतं." मग सांगणाऱ्यानं मुकाट उठायचं. माझ्या वेळी एकदाही कुणाचा हात उठला नव्हता. पीठ लाटता लाटताच मी ठरवलं, यंदा उठणार.

संध्याकाळी साडेपाचला मी ॲप्रन न काढताच कठड्याला टेकून उभी राहिले. माझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लव्हिनिया म्हणजे श्रीमंताघरची मुलगी, तिचा वाग्दत्त वर नदीत बुडाला, तिनं तापानं अंथरूण धरलं ते कायमचं, आणि अजून ती दोनशे चौदा नंबरच्या खोलीच्या खिडकीत पांढऱ्या कपड्यांत उभी असते. मी वाटच बघत होते, ट्वायला कुठं चुकते.

तिनं खिडकीचं नावच काढलं नाही. खालच्या आवाजात, काकडी चिरावी तशा संथपणे ती सांगायला लागली, की लव्हिनिया गेली ते वरच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं, पण खाली स्वयंपाकघरात कळवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ट्रे पोचवणारी एक पोरगी होती. दाराशी ट्रे ठेवायचा, आत जायचं नाही, एवढंच तिला सांगितलेलं. रोज ती स्वतः केलेलं सूप ठेवायची आणि रोज भरला वाडगा परत आणायची. तिला वाटायचं, आपल्या हाताला चव नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ती आणखी मन लावून करायची.

आजारी पोरींच्या दाराशी सूप ठेवून मीही आले आहे. भरलेला वाडगा परत आला की दिवसभर कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं मी त्या मागल्या जिन्यानं चढउतार केली आणि सांगत राहिले काय, तर नदी आणि नवरदेव. ही कालची आलेली बाई माझ्या घरातली वस्तू उचलून माझ्याच देखत मिरवत होती.

"एकोणिसाव्या दिवशी," ट्वायला म्हणाली, "त्या पोरीनं पहिल्यांदा दार वाजवलं."

मी कठड्यावर दोनदा हात आपटला.

"तसं नव्हतं."

ट्वायला उठली आणि खालच्या पायरीवर मुलींमध्ये जाऊन बसली. मी खुर्चीवर बसले आणि माझी लव्हिनिया सांगितली, नदीसकट, वाऱ्यासकट. आवाज जिथं चढवायचा तिथं चढवला. पोरी शहाण्यासारख्या ऐकत होत्या, पाहुण्यांसमोर बसवल्यावर ऐकतात तशा. मी खिडकीपाशी पोचले तेव्हा एका पोरीनं विचारलं, "पण मावशी, त्या ट्रेवाल्या मुलीचं काय झालं?"

मी म्हणाले, अशी कुणी मुलगी नव्हतीच.

"होती की आजी," मार्लिस म्हणाली. मुलींत बसलेली, डोक्यावर बुजगावण्याची टोपी. "तूच नाही का ती?"

कुणी हसलं नाही. मग ती पहिली पोरगी वळून ट्वायलाला म्हणाली, "तू सांग ना." ट्वायलानं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणाले नाही. हो म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. ती आहे तिथूनच, पायरीवर बसून बोलायला लागली.

सगळ्या पोरी तिच्याकडे वळल्या. मी खुर्चीत होते, आणि माझ्यासमोर चाळीस पाठी होत्या, त्यात माझ्या नातीची एक. उठून स्वयंपाकघरात जावं, ओव्हनमधले भोपळ्याचे पाय भाजले का बघावं, असं मनात म्हणत मी बसून राहिले.

"तिनं दार वाजवलं," ट्वायला म्हणाली. "आत पावलं वाजली. कडी निघाली."

आणि ही बाई थांबली. पाण्याचा पेला घेतला, सावकाश एक घोट प्यायली.

"अगं, उघडलं कुणी?" मी विचारलं.